बिननावाचे हातमोजे

दुकानात सगळे त्याला एक्स-रे म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'काका'. पण हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते नाव त्याला आवडतही होतं. दुकान चार मजली, सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळणारं. त्यात साध्या कपड्यांत, गिऱ्हाइकासारखं हिंडत चोर हेरायचे, हे त्याचं काम. हातात रिकामी पिशवी आणि चेहऱ्यावर 'काय बरं घ्यावं' असा भाव. एखादी बाई त्यालाच विचारायची, "अहो, लहान मुलांचे स्वेटर कुठल्या मजल्यावर?" तो जरा डोकं खाजवल्यासारखं करायचा आणि मग बिनचूक सांगायचा.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मालाकडे बघतो तो गिऱ्हाईक, माणसांकडे बघतो तो चोर, एवढी साधी त्याची कसोटी. बाबागाडीत बाळापेक्षा दुपटीच जास्त असली, कोरड्या दिवशी हातात छत्री आणि तीही अर्धवट उघडी असली, नवरा-बायको भांडत आले आणि भांडण नेमकं अत्तरांच्या काउंटरपाशी रंगलं, की एक्स-रेच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. माणूस दाराबाहेर पाऊल टाकेपर्यंत तो थांबायचा. मग हलकेच कोपराला हात लावून म्हणायचा, "जरा आत येता का? काहीतरी राहिलंय." आवाज कधी चढवला नाही. पकडलेला माणूस रडायला लागला तर त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा, आणि रडणं खरं की खोटं हेही बघून घ्यायचा.

अडचण एवढीच की काम सुटलं तरी संशय सुटत नसे. तो त्याच्याबरोबर घरी यायचा. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात तो व त्याची थोरली बहीण. ताई पूर्वी शिवणकाम करायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खिडकीत बसून अख्ख्या जिन्याची खबर ठेवायची. दूधवाला हसून बोलला की ती दोघं दूध नीट उकळेपर्यंत शेगडीपासून हलत नसत. शेजारणीने केक पाठवला तर "आत्ताच का पाठवला असेल?" यावर केक संपेपर्यंत चर्चा व्हायची. तसा दोष त्यांचाही नव्हता. वडील गोदामाचे रखवालदार. मुलं बाहेरून खेळून आली की ते आधी त्यांच्या तोंडाचा वास घेत, कुणी फुकटची गोळी तर दिली नाही ना म्हणून. उगाच गोड बोलतो त्याचं आपल्याकडे काम असतं, हे त्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं.

लग्नही त्यातच फिसकटलं. तरुणपणी एक मुलगी त्याला फार आवडली होती. टपाल कचेरीत तिकिटं विकायची, मोकळं हसायची. तिचाही होकार होता. पण होकार इतक्या सहज मिळालाच कसा, या विचाराने एक्स-रेची झोप उडाली. त्याने तिच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तिच्या साहेबांकडे केली, आणि कळस म्हणजे तिचे बूट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं, की हिच्या टाचा कुठल्या बाजूने झिजतात, म्हणजे ही नक्की कुठे कुठे जाते ते कळेल. ते तिच्या कानावर गेलं. तिने ताईच्या हाती निरोप पाठवला, "माझी चौकशी पुरी झाली असेल तर निकाल कळवा म्हणावं. माझा निकाल झालाय." ताईने कपाळाला हात लावला. तो मात्र म्हणाला, "सुटलो. तापट निघाली असती." पण पुढे कितीतरी वर्षं तो तिकिटं आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीत जात असे.

आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि दुकानात तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी, रिबीनबाई होत्या.

रिबीनबाई भेटवस्तू बांधून देत. कात्री, चिकटपट्टी, चकचकीत कागदाच्या गुंडाळ्या आणि पाठीमागे मोठा आरसा, एवढंच त्यांचं राज्य. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब. बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. त्यांची रिबिनीची गाठ चार पाकळ्यांची होती आणि ती दुसऱ्या कुणाला जमत नसे. मुलींनी शिकायचा प्रयत्न केला, पण तिसऱ्या पाकळीलाच सगळं सुटायचं. गावात कुणाच्याही टेबलावर ती गाठ दिसली की लोक ओळखत, ही रिबीनबाईंच्या हातची.

संध्याकाळी घरी जाताना कामगारांच्या पिशव्या तपासायचं कामही एक्स-रेकडेच होतं. सगळे नाक मुरडत पिशवी पुढे करत. रिबीनबाई मात्र सांगत, "नीट बघा हं साहेब, आज एक घोडा लपवलाय."

एक्स-रे गंभीरपणे आत वाकून बघायचा. "दिसत नाही."

"मग फार खोल लपवलाय. उद्या बघा."

दिवसभरात त्याच्या ओठाची कड हलायची ती तेवढ्या वेळी. त्यांची पिशवी तो जरा जास्तच वेळ बघायचा. स्वतःची समजूत तो अशी घालायचा, की जास्त बोलणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्यावं. बोलूनचालून ते प्रेम होतं. त्याला तसं कुणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचीच पिशवी तपासली असती.

त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची होती आणि दारापाशी उभं राहून त्याची बोटं सुजायची. रिबीनबाई एकदा म्हणाल्या, "हात बघा, कसे लालबुंद झालेत. हातमोजे घालत जा की."

"हातमोज्यांत बोटं आंधळी होतात," तो म्हणाला. "कामावर चालत नाहीत."

"मग घरी जाताना तरी घाला. घरी काय चाचपायचं असतं?"

तो पुढच्या पिशवीकडे वळला, कारण हातमोजे हा शब्दच त्याला त्या दिवसांत नको झाला होता. दुकानातून हातमोजेच जात होते. चामड्याचे, आतून लोकरीचे, महागडे. कधी एक जोडी, कधी दोन. तो डोळ्यांत तेल घालून बसला तरी माल हवेत विरल्यासारखा नाहीसा व्हायचा. नवा मॅनेजर वयाने त्याच्या निम्मा, हातातलं पेन सतत टकटक वाजवणारा. त्याने एक्स-रेला खोलीत बोलावून सांगितलं, "काका, तुमचा मान आहेच. पण या महिन्यात चोर सापडला नाही, तर वरचे लोक कॅमेरे लावणार आहेत. मग तुम्हाला ठेवून करायचं काय, असा प्रश्न येईल. आणि मला तर वाटतं, चोर आतलाच कुणीतरी आहे."

एक्स-रेच्या पायांखालची जमीन सरकली. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? ताईचे गुडघे, तिची औषधं, खोल्यांचं भाडं. आणि आतला, म्हणजे कोण? त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांपेक्षा कामगारांकडेच बघायला लागला. जो नजर चुकवेल तो संशयित, जो नजरेला नजर देईल तो जास्त संशयित.

अशातच प्रेमाचा दिवस जवळ आला. दुकान लाल झालं. सजावटवाल्याने छताला कागदी हृदयं टांगली आणि रिबीनबाईंच्या काउंटरशेजारी एक मोठा फलक उभा केला. फार पूर्वी रोममध्ये व्हॅलेंटाइन नावाचे धर्मगुरू होऊन गेले. सैनिकांनी लग्न करू नये असा सम्राटाचा हुकूम होता. हे गुरू गुपचूप लग्नं लावून देत. म्हणून त्यांना पकडून मारलं. त्यांच्या आठवणीसाठी हा दिवस. एक्स-रेने फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि सजावटवाल्याला शिडीवरून खाली उतरवलं.

"हे कुणी पाहिलं?"

"काका, शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"लेखी काही?"

सजावटवाला घुटमळला. तो चांगला वाचणारा मुलगा होता. "तसं पक्कं काही नाही. त्या नावाचे दोघे-तिघे होऊन गेले म्हणतात. त्यातला नेमका कुठला, ते कुणालाच सांगता येत नाही. काही लोक म्हणतात, रोमन लोकांचा याच सुमाराला आधीपासून एक सण होता. आणि प्रेमाचा संबंध तर खूप पुढे जोडला गेला. या दिवसांत पाखरं जोड्या जमवतात, असं मानायचे म्हणून."

"म्हणजे संशयित तीन, साक्षीदार एकही नाही, आणि जबाब पाखरांचा," एक्स-रे म्हणाला. "असलं प्रकरण घेऊन मी मॅनेजरकडे गेलो असतो तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

रिबीनबाई कात्री ठेवून हसायलाच लागल्या. "अहो, पण बिचाऱ्याने काय वाईट केलं? लग्नंच लावली ना?"

"चोरून लावली. चोरून ते चोरून."

"तुमच्यापुढे हात टेकले," त्या म्हणाल्या. "बरं, एक सांगू? पूर्वी या दिवशी जे कार्ड पाठवायचे ना, त्यावर नाव घालत नसत. भेटीवरसुद्धा नाही. ज्याला मिळालं त्याने ओळखायचं, तीच तर गंमत. माझ्या आजीला असं एक कार्ड आलं होतं. तिने बरोबर ओळखलं, म्हणून मी इथे उभी आहे."

"नाव लपवणारा माणूस काहीतरी लपवतच असतो."

"लपवतोच की," रिबीनबाई म्हणाल्या आणि रिबिनीचा तुकडा नखाने ओढून त्याला कुरळं केलं. "समोरच्याने शोधावं म्हणून लपवतो. तुम्हाला तर सोपं जायला हवं."

एक्स-रेने मान हलवली आणि तो पुढच्या रांगेकडे गेला, कारण तिथे एक माणूस हुबेहूब सारख्या दोन अत्तराच्या बाटल्या घेत होता.

तो दिवस उजाडला आणि सकाळपासून दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रिबीनबाईंपुढे लांबलचक रांग. अशा ऐन गर्दीत एक्स-रेने पाहिलं, की त्या काउंटर सोडून मागच्या कोटांच्या खोलीतून बाहेर येतायत. तिथे कामगारांचे कोट खुंट्यांना असत, आणि मधल्या वेळी तिथे जायचं कुणालाच काही कारण नसे. त्याला बघून त्या दचकल्या. कानापर्यंत लाल झाल्या.

"काय झालं?"

"काही नाही हो. रुमाल राहिला होता."

आणि रुमाल तर त्यांच्या बाहीत खोचलेला होता. सकाळपासून होता. एक्स-रेने ते मनात टिपून ठेवलं.

दुपारी चहाला बाहेर पडायचं म्हणून त्याने कोट घातला, खिशात हात घातला, आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्याने रुमालाने धरून ते बाहेर काढलं. हातमोजे. तपकिरी चामड्याचे, आतून लोकरीचे. जे हिवाळाभर नाहीसे होत होते तेच. किमतीची चिठ्ठी नाही, तिचा दोरा कात्रीने सफाईने कापलेला. बिल नाही, पिशवी नाही, कागद नाही.

शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे काय आहे. वर लाल हृदयं लोंबत होती, रस्त्यात जो तो हातात फुलं घेऊन चालला होता. पण एक्स-रे चोर पकडण्यात म्हातारा झाला होता. चोरीचा माल, चिठ्ठी कापलेली, आणि तोही चोर पकडणाऱ्याच्याच खिशात! कुणीतरी त्याला अडकवत होतं. आता मॅनेजरपर्यंत निनावी खबर जाईल, खिसे तपासले जातील, आणि वर्षानुवर्षांची अब्रू एका मिनिटात धुळीला मिळेल.

साधं बांधून ठेवले असते तर? पण इथेच घोडं अडलं होतं. रिबीनबाईंनी सगळ्या गावाच्या भेटी बांधल्या, आणि स्वतःची तेवढी उघडी ठेवली. बांधली असती तर गाठीवरून कुणीही ओळखलं असतं, आणि मग बिननावाची गंमत काय उरली? म्हणून त्यांनी चिठ्ठी तेवढी कापली आणि हातमोजे तसेच त्याच्या खिशात सरकवले.

एक्स-रे खुंटीला धरून उभा राहिला आणि त्याचं डोकं कामाला लागलं. ते एकदा कामाला लागलं की थांबत नसे. खोलीतून कोण बाहेर आलं? रुमालाचं खोटं कुणी सांगितलं? दोरा कात्रीचा, आणि दिवसभर हातात कात्री कुणाच्या? हातमोज्यांचा विषय आपणहून कुणी काढला होता? मग मागचंही सगळं उलटंपालटं व्हायला लागलं. तो घोडा. रोज संध्याकाळी हसवायचं, म्हणजे पिशवीत बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्याकडे जातं. दुपारी कधीतरी स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून अर्धं त्याच्या हातावर ठेवायचं. "थकलात ना?" म्हणून विचारायचं. आजवर त्याची विचारपूस कुणी केली होती? ताईसुद्धा करत नसे. मग हिनेच का करावी? काही काम असल्याशिवाय कुणी गोड बोलत नाही. त्या सगळ्या संध्याकाळी, ज्या तो घरी जाताना मनात घोळवत जायचा, एकेक करून पुरावा होत गेल्या. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्याबरोबर एक ओळखीची शांतताही आली, चोर सापडल्यावर यायची तशी.

तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं खरं होतं. आतलंच माणूस आहे." आणि त्याने नाव घेतलं.

मॅनेजरने रिबीनबाईंना कोटांच्या खोलीत बोलावून घेतलं. गल्ल्यावर बसणारी मुलगी तिथेच डबा खात होती, सजावटवाला कोपऱ्यात हृदयांत दोरे ओवत होता. रिबीनबाई हात पुसत आत आल्या. टेबलावर रुमाल, त्यावर हातमोजे. त्यांनी आधी हातमोज्यांकडे पाहिलं, मग एक्स-रेकडे, आणि हळूच हसल्या. कळलं वाटतं, असं ते हसू होतं. तो हसला नाही. तो त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर त्यांनी यापूर्वी दुसऱ्यांवर रोखलेली पाहिली होती.

"हे काकांच्या खिशात तुम्ही ठेवले?" मॅनेजरने विचारलं. पेन टकटक वाजत होतं.

"हो."

एक्स-रेने सुस्कारा सोडला. कबुली.

"कुठून आणले?"

"इथूनच. काल. पैसे देऊन."

"हो, मीच बिल केलं की," गल्ल्यावरची तोंडातला घास गिळत म्हणाली. "मी विचारलंसुद्धा, कुणाला हो बाई? तर म्हणाल्या, आहे एक इन्स्पेक्टर ओळखीचा, त्याचे हात गारठतात." ती खुदकन हसली, आणि बाकी कुणी हसत नाही हे बघून तिने डब्यात मान घातली.

मॅनेजरचं पेन थांबलं. "पण मग असे नुसतेच का ठेवलेत? बांधून तरी…"

"माझी गाठ सगळं दुकान ओळखतं," रिबीनबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "आज नाव सांगायचं नसतं. समोरच्याने ओळखायचं असतं." मग त्या एक्स-रेकडे वळल्या. "ओळखलंत की. पण काय ओळखलंत!"

सजावटवाला हातातल्या हृदयाकडे बघत राहिला. एक्स-रेला काहीतरी सावरायचं होतं आणि सावरायची सवय नव्हती. "साहेब," तो म्हणाला, "ते… मला माहीत होतं. म्हणजे मी जरा गंमत…"

"खोटं बोलू नका," रिबीनबाई म्हणाल्या. "तुम्हाला जमत नाही ते. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही साहेबांकडे जाऊन माझं नाव घेतलंत." त्यांचे डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. "मी जाऊ का साहेब? रांग आहे बाहेर."

त्या गेल्या. मॅनेजर घसा साफ करत निघून गेला, जाताना दारात थांबून म्हणाला, "म्हणजे चोर अजून बाहेरच आहे, काका." गल्ल्यावरचीने डबा आवरला. एक्स-रेपुढे टेबलावर हातमोजे तसेच पडले होते. त्याने ते उचलले, या खेपेला रुमालाने नव्हे, नुसत्या हाताने. मग त्याला आठवलं, की इतक्या वर्षांत कुणी त्याला काही दिलंच नव्हतं, कारण देणाऱ्याला आधी त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि भीतीही, चोर हातातून निसटताना वाटायची त्याहून कितीतरी मोठी.

तो बाहेर आला आणि रिबीनबाईंच्या काउंटरपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे एक तरुण चॉकलेटचा डबा घेऊन, त्याच्यापुढे एक आजोबा फुलदाणी घेऊन. याच्या हातात बांधायला काही नव्हतं. रांग पुढे सरकत होती आणि रिबीनबाई मान वर न करता बांधत होत्या. त्या दिवशी गाठीला पाकळ्या तीनच पडत होत्या.

त्याची पाळी आली.

"काय बांधायचंय?" त्यांनी विचारलं, आणि वर पाहिलं. "गिऱ्हाइकांसाठी आहे ही रांग."

"माझं चुकलं."

"ते दिसलंच सगळ्यांना." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मला एकच सांगा. हातमोजे कुणी ठेवले ते तुम्हाला कळलं नाही, ठीक आहे. पण माझं नाव घेताना एकदासुद्धा वाटलं नाही, की ही बाई असं करणार नाही?"

मागच्या माणसाने मुद्दाम खोकून दाखवलं. एक्स-रेला सोपं उत्तर माहीत होतं. पण खोटं त्याला जमत नाही हे त्यांनीच सांगितलं होतं.

"वाटलं," तो म्हणाला. "म्हणूनच जास्त संशय आला. माझ्याशी कुणी उगाच चांगलं वागेल, हे मला खरं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. यात तुमचा काही दोष नाही."

रिबीनबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं, राग आणि काळजी एकाच वेळी.

त्यांची ती नजर त्याला झेपेना, म्हणून त्याने डोळे वर केले. त्यांच्यामागच्या आरशात सगळं दुकान दिसत होतं. हातमोज्यांच्या काउंटरपाशी राखाडी कोटातले एक वयस्क गृहस्थ उभे होते. उंची टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. विकणाऱ्या मुलीशी ते फार अदबीने बोलत होते आणि डोळे मालावर नव्हते. मुलगी खण उघडायला वाकली आणि एक जोडी त्यांच्या डाव्या बाहीत गेली. इतक्या सफाईने, की आरशात बघणारा दुसरा कुणी असता तर त्याला काहीच दिसलं नसतं. हाच तो! हिवाळाभर ज्याने झोप उडवली तो. गृहस्थांनी टोपीला हात लावून मुलीचा निरोप घेतला आणि ते सावकाश दाराकडे निघाले. त्याची नोकरी दाराकडे चालली होती. नुसतं वळायचं, थोडं भराभर चालायचं, आणि कोपराला हात लावायचा.

"आणि समजा," रिबीनबाई तेवढ्यात म्हणाल्या, अगदी हळू, कात्रीची मूठ बोटांत फिरवत, "पुन्हा कधी कुणी काही ठेवलं तुमच्या खिशात, तर काय कराल?"

एक्स-रेने आरशावरून नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"घेईन," तो म्हणाला.

"चौकशी न करता?"

"न करता."

"जमेल?"

"माहीत नाही. पण आत्ता इथून हललो, तर कधीच जमणार नाही."

त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांची पाठ आरशाकडे होती आणि समोर तो उभा होता. मागे कुठेतरी दार उघडलं, बाहेरचा गार वारा त्याच्या मानेला लागला, आणि दार बंद झालं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"बाजूला उभे रहा," रिबीनबाई म्हणाल्या. "एवढी रांग संपू दे. मग बोलू."

तो बाजूला झाला आणि दुकानाकडे पाठ करून, आरशाकडेही न बघता उभा राहिला.